२४ तास दंडाला बीपीचं मशीन, आणि माझी संध्याकाळ कागदावर

बीपी म्हणजे दवाखान्यात जायचं, खुर्चीत बसायचं, पट्टा फुगतो, आकडा येतो, झालं, एवढंच मला माहीत होतं. दंडाला पट्टा बांधून २४ तास आपलं रोजचं सगळं करत राहायचं आणि मशीन मधूनमधून आपणहून बीपी मोजत राहणार, अशी टेस्ट असते हे डॉक्टरांनी सांगेपर्यंत कधी कानावरही आलं नव्हतं. ॲम्ब्युलेटरी बीपी मॉनिटरिंग म्हणतात तिला. त्यातून जे बाहेर आलं त्यामुळे आमच्या घरात बरंच काही हललं म्हणून जरा सविस्तर लिहितेय, कारण नोकरी आणि घर दोन्ही ओढणाऱ्या कितीतरी जणी असणार, आणि जणही, ज्यांचं दवाखान्यातलं बीपी "ठीक आहे की" म्हणून सोडून दिलं जातं.

मी ४१ वर्षांची. फुल टाइम नोकरी, दोन मुलं, मोठी १३ ची, धाकटा ८ चा, आणि सासूबाई आमच्याकडेच असतात, त्यांना गुडघ्यांचा त्रास आणि डोळ्यात दिवसातून तीनदा ड्रॉप्स घालायचे असतात. नवऱ्याची नोकरी माझ्यापेक्षा लांब आणि जास्त तासांची. म्हणजे चारचौघांसारखंच घर, कुणाचं वाईट वागणं नाही, भांडणं नाहीत. फक्त वर्षभर मला संध्याकाळी मानेच्या वर, डोक्याच्या मागच्या बाजूला जडपणा यायचा, रात्री झोप लागायची पटकन पण तीन-साडेतीनला टक्क जाग यायची आणि जाग आली की छातीत धडधड, मग उद्याच्या कामांची यादी डोक्यात फिरायला लागायची ती उजाडेपर्यंत. दिवसा चिडचिड. धाकट्याने साधी पेन्सिल सापडत नाही म्हटलं तरी माझा आवाज चढायचा आणि त्याचं तोंड एवढंसं व्हायचं.

डॉक्टर बाईंकडे गेले तर बीपी १३४/८६. परत गेले तेव्हा १२८/८४. मग एकदा १३८/८८. त्या म्हणाल्या, हे धड नॉर्मलही नाही आणि गोळी सुरू करावी असंही नाही. डोकेदुखीवर काय घेता विचारलं, मी पेनकिलर सांगितली, तर त्यांनी आधी नाव बघितलं, कारण आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक वगैरे गटातल्या गोळ्या नियमित घेतल्या तर त्याच बीपी वाढवू शकतात. हे मला कुणीच कधी सांगितलं नव्हतं, म्हणून इथे मुद्दाम लिहितेय. मग म्हणाल्या, "तुमचा दिवस सांगा." मी सांगायला लागले, ऑफिसात किती लोड आहे, कुठली डेडलाइन आहे, बॉस कसा आहे. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि ऑफिसनंतर?" मी म्हटलं, ऑफिसनंतर घरीच असते. त्या म्हणाल्या, "घरी असते म्हणजे काय करता ते सांगा ना."

तो प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता आजवर. घरी असणं म्हणजे सुट्टी असाच सगळ्यांचा, माझ्यासकट, हिशोब असतो.

तर टेस्ट ठरली. टेक्निशियन मुलगी फार नीट होती. तिने सांगितलं की सुट्टीच्या दिवशी अजिबात लावू नका, नेहमीचा कामाचा दिवस पाहिजे, मुद्दाम आराम करायचा नाही आणि मुद्दाम धावपळही नाही. आधी टेपने दंडाचा घेर मोजला कारण पट्टा छोटा पडला तर बीपी खोटं जास्त येतं. मी उजव्या हाताने काम करते म्हणून पट्टा डाव्या दंडाला, तिथून एक नळी खांद्यावरून मानेमागून फिरवून कमरेला लावलेल्या छोट्या डबीत. दिवसा दर २० मिनिटांनी आणि रात्री दर तासाला मोजणार. पट्टा फुगायला लागला की हात खाली सोडून सैल ठेवायचा, हलवायचा नाही, बोलायचं नाही. हात हलला तर वाचन फसतं आणि मशीन एक-दोन मिनिटांत परत प्रयत्न करतं. २४ तास आंघोळ नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एक डायरी दिली, कागदाचा तक्ताच होता खरं तर, वेळ, काय करत होतात, काही त्रास झाला का, झोपलात कधी, उठलात कधी, औषध घेतलं का. आलेख नुसता आकड्यांचा असतो, तो कशाचा आहे हे डायरीवरून कळतं असं ती म्हणाली.

ऑफिसात पहिले दोन-तीन तास मी त्या घरघरीला दचकत होते. मीटिंगमध्ये पट्टा फुगला की सगळे बघायचे, मग एकाने विचारलं, मी सांगितलं, आणि गंमत म्हणजे शेजारच्या टीममधले दोघं जण नंतर येऊन हळूच विचारून गेले की ही टेस्ट कुठे होते, कशी होते. जेवणाच्या सुट्टीनंतर मी ते मशीन जवळजवळ विसरलेच. तक्त्यातल्या माझ्या नोंदी बघितल्या तर ऑफिसच्या रकान्यात सगळं एकेका शब्दात आहे. मीटिंग. मेल. रिपोर्ट. फोन. जेवण.

संध्याकाळच्या नोंदी मात्र रकान्यात मावत नव्हत्या. सातच्या सुमाराची एक तर मी अजून जपून ठेवलीय. गॅसवर एक चढवलेलं, धाकट्याची वही समोर आणि तो गुणाकार चुकतोय, आईंच्या ड्रॉप्सची वेळ झालेली, मोठीला उद्या शाळेत कसलातरी चार्ट पेपर न्यायचा आहे हे तिला आत्ता आठवलेलं, आणि फोनवर ऑफिसमधला एक जण विचारतोय की ती फाइल नेमकी कुठल्या फोल्डरमध्ये आहे. बरोबर त्याच वेळी पट्टा फुगायला लागला. हात सैल सोडायचा होता पण एका हातात फोन आणि दुसऱ्यात ड्रॉप्सची बाटली. वाचन फसलं. मशीनने परत पट्टा फुगवला, परत फसलं, कारण मी गॅस बारीक करायला वळले. मग मी सगळ्यांना म्हटलं, दोन मिनिटं कुणी काही बोलू नका, आणि तशीच भिंतीला टेकून उभी राहिले. मोठी माझ्याकडे बघत होती, म्हणाली, "आई, तू एवढ्या जोरात श्वास का घेतेयस?" मी तक्त्यात लिहायला घेतलं तर एका ओळीत पाच कामं, मग बाण काढून बाजूच्या कोऱ्या जागेत.

रात्री झोप अशी फार आली नाही, पट्टा फुगला की जाग यायची, पण तीन वाजताची ती धडधड नेमकी मशीनने पकडली.

रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टर बाईंनी आधी आकडे सांगितलेच नाहीत, आलेखाचा कागद माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, ऑफिस कुठे संपतं ते तुम्हीच दाखवा. मला वाटलं होतं सकाळपासून चढत जाऊन संध्याकाळी उतरेल. उलटं होतं. ऑफिसातली वाचनं १३० च्या आसपास, खालचं ८२-८३. सकाळी घरातून निघण्याच्या घाईत जरा वर. आणि साडेसहापासून रात्री दहापर्यंत सरासरी १४८/९४. पूर्ण दिवसाची, म्हणजे जागेपणीची सरासरी १३७/८७ आणि झोपेतली १२६/७८.

या टेस्टमध्ये जागेपणीची सरासरी १३५/८५ किंवा वर गेली, नाहीतर झोपेतली १२०/७० किंवा वर गेली, तर ते जास्त धरतात, दवाखान्यातली १४०/९० ची रेषा इथे चालत नाही. म्हणजे दवाखान्यात एकदाही १४० ला न पोचलेलं माझं बीपी प्रत्यक्षात वाढलेलं होतं. याला मास्क्ड हायपरटेन्शन म्हणतात. याचं उलटही असतं, डॉक्टरांना बघून बीपी वाढतं आणि घरी नॉर्मल असतं, ते बऱ्याच लोकांना माहीत असतं, पण हा लपलेला प्रकार जास्त धोक्याचा कारण कुणी शोधायलाच जात नाही. दुसरी गोष्ट त्यांनी दाखवली ती रात्रीची. झोपेत बीपी साधारण १० ते २० टक्के उतरायला हवं. हृदयाला, रक्तवाहिन्यांना, किडनीला तेवढीच काय ती उसंत. माझं ८ टक्केच उतरत होतं. असं वर्षानुवर्षं राहिलं तर हार्ट अटॅक, स्ट्रोक, किडनीचे आजार यांचा धोका वाढतो, दिवसाचे आकडे बरे दिसले तरी.

मी विचारलं की पण ऑफिसात एवढं टेन्शन असतं, तिथे कसं कमी? तेव्हा त्यांनी जे समजावलं ते मी नंतर घरी येऊन आणखी वाचत बसले. ताणात शरीर ॲड्रिनॅलिन, नॉरॲड्रिनॅलिन ही हार्मोन्स सोडतं, नाडी वाढते, रक्तवाहिन्या आवळतात, बीपी चढतं. कॉर्टिसॉल हे ताणाचं आणखी एक हार्मोन, ते सकाळी सगळ्यात जास्त असतं आणि मध्यरात्रीच्या सुमाराला सगळ्यात कमी व्हायला पाहिजे. हे सगळं वाईट नाही, काम करायला ते लागतंच, प्रश्न उतरण्याचा आहे. स्वीडनमध्ये मारियान फ्रँकेनहॉयझर नावाच्या मानसशास्त्रज्ञ होत्या, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका मोटार कंपनीतले पुरुष आणि स्त्री मॅनेजर घेऊन दिवसभर आणि संध्याकाळी ही हार्मोन्स मोजली होती. १९८९ चा अभ्यास आहे. दिवसा दोघांचंही सारखंच वर, पण काम संपल्यावर पुरुषांचं उतरायला लागलं आणि बायकांचं नॉरॲड्रिनॅलिन उलट संध्याकाळी आणखी चढलं. वाचून मी माझा आलेख परत काढून बघितला. इतक्या वर्षांपूर्वी, इतक्या लांबच्या बायकांच्या शरीरात जे चाललं होतं तेच माझ्या कागदावर दिसत होतं, आणि ते मी स्वभावाचा दोष म्हणून अंगावर घेत होते.

दुसरा एक अभ्यास २०१४ चा, अमेरिकेतला, त्यात लोकांची लाळ दिवसातून कितीतरी वेळा घेऊन कॉर्टिसॉल बघितलं तर बहुतेकांचं घरापेक्षा कामावर कमी निघालं, पुरुषांचंही. मला हे पटलं. ऑफिसात काम कठीण असतं पण एका वेळी एक असतं, संपलं की संपलं असं कुणीतरी म्हणतं, खुर्ची असते, दुपारी अर्धा तास कुणी हाक मारत नाही. घरातलं काम संपत नाही आणि ते चालू आहे हे दिसतही नाही.

आता यावर घरोघरी काय सल्ला मिळतो ते सगळ्यांना माहीत आहे. नोकरी सोड. माहेरून आला, नात्यातून आला, एका मैत्रिणीनेही दिला. मला यावर स्पष्ट बोलायचंय कारण हा सल्ला मायेपोटी येतो आणि म्हणूनच नाही म्हणणं जड जातं. माझ्या आलेखात जागेपणी नोकरीचे तासच सगळ्यात शांत आहेत. ते काढून टाकले तर उरतं काय, तर १४८/९४. आणि पैसे, ओळख, स्वतःचे निर्णय, बोलायला चार माणसं, हे सगळंही तब्येतीत धरावं लागतं. रोझलिंड बार्नेट आणि जॅनेट हाइड या दोघी मानसशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये बरेच जुने अभ्यास एकत्र मांडून हेच दाखवलं होतं की नोकरी आणि कुटुंब अशा अनेक भूमिका असणं स्त्री-पुरुष दोघांच्याही मनाला आणि शरीराला एकंदरीत चांगलंच असतं, त्रास होतो तो भार मर्यादेबाहेर गेला की किंवा त्या भूमिकेत सतत अपमान, अन्याय असला की. दोनपैकी एक आयुष्य छाटून टाकणं हा उपाय नाही, माझ्यासाठी तरी नाहीच.

रक्ताच्या तपासण्या झाल्या, ईसीजी झाला. किडनी ठीक, थायरॉइड ठीक, पण तीन महिन्यांची साखर म्हणजे एचबीए१सी ५.९. ५.७ ते ६.४ हा मधुमेहाच्या आधीचा टप्पा. डॉक्टर म्हणाल्या, कमी झोप आणि सततचा ताण साखरेवरही येतोच. त्यांनी तीन महिने दिले. गोळी लगेच नाही, पण तीन महिन्यांत संध्याकाळ बदलली नाही तर गोळी, आणि त्यात कमीपणा काही नाही.

रिपोर्ट मी नवऱ्यासमोर ठेवला. त्याने बराच वेळ बघितला. तो माणूस कामाला नाही म्हणणारा कधीच नव्हता, भांडी घासतो, मुलांना सोडतो, सांगितलं ते आणतो. पण सांगायचं कुणी, लक्षात कुणी ठेवायचं, झालं की नाही बघायचं कुणी, तर मी. ॲलिसन डॅमिंजर नावाच्या समाजशास्त्रज्ञ बाईंचा २०१९ चा एक अभ्यास मला याच काळात वाचायला मिळाला आणि मी तो त्यालाही वाचायला दिला. घरातल्या डोक्याच्या कामाचे त्या चार भाग करतात, काय लागणार आहे ते आधी ओळखणं, पर्याय शोधणं, ठरवणं आणि मग नीट होतंय ना यावर लक्ष ठेवणं. जोडप्यांत ठरवण्याचा भाग बऱ्यापैकी दोघं मिळून करतात, पण आधी ओळखणं आणि नंतर लक्ष ठेवणं हे जास्त करून बायकोकडेच. नवरा म्हणाला, म्हणजे मी करतो ते काम संपलं तरी तुझ्या डोक्यात ते चालूच असतं. हो, तेच.

आणि मग त्याचं स्वतःचं काय हे बोलणं निघालं, जे आम्ही कधीच बोललो नव्हतो. आम्ही त्याचे तास मोजले तर आठवड्याला ५५ च्या वर. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून काढलेला अंदाज आहे की आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत, स्ट्रोकचा धोका साधारण ३५ टक्के जास्त आणि हृदयविकाराने मृत्यूचा १७ टक्के जास्त. एकट्या २०१६ सालात अशा लांब तासांमुळे जगात ७ लाख ४५ हजार मृत्यू झाले, त्यात ७२ टक्के पुरुष. हे वाचल्यावर तो गप्प झाला. मला तेव्हा खरं वाईट वाटलं, कारण मी त्याच्या उशिरा येण्यावर इतकी वर्षं चिडत होते आणि तो उशीर त्यालाही आतून खात होता. त्या ५५ तासांत फक्त पगाराचं काम धरलंय हेही लक्षात घ्या, घरातलं धरलं तर माझेही केव्हाच वर जातात.

मग आम्ही कामं वाटली, पण तुकड्यांनी नाही, अख्खी अख्खी. धाकट्याची शाळा पूर्ण त्याची, म्हणजे अभ्यास, फॉर्म, फी, शिक्षकांशी बोलणं, चार्ट पेपर आणि ते आदल्या दिवशी विचारणंसुद्धा. घरातली दुरुस्ती, बिलं, किराणा संपायच्या आत ओळखणं त्याचं. स्वयंपाक आणि मोठीची शाळा माझी. आईंची औषधं कुणाकडे द्यायची यावर आम्ही दोघं त्यांच्यासमोर बोलत होतो तर त्याच म्हणाल्या, "अगं, मला मोठ्या अक्षरात लिहून दे आणि ती वारांची डबी आणून दे, माझं मी घेते. मी काय अगदीच टाकाऊ नाही झाले." तेव्हापासून गोळ्या त्या स्वतः घेतात, आठवड्याची डबी रविवारी मोठी भरते, आणि ड्रॉप्स दोन वेळा मोठी घालते, तिला आजीबरोबर तेवढाच वेळ मिळतो. मला वाटलं होतं मुलाने ओट्याशी उभं राहणं त्यांना खटकेल. थोडं खटकलंही पहिल्यांदा, एकदा म्हणाल्याही की तो दमून येतो. मी आलेख त्यांनाही दाखवला. त्यांना आकडे कळले नाहीत पण ती चढलेली रेघ कळली, आणि त्या म्हणाल्या, आमच्या वेळी हे मोजत नव्हते म्हणून का ते नव्हतं.

सगळ्यात अवघड माझ्यासाठी काय होतं तर मध्ये न पडणं. शाळेचा एक फॉर्म त्याच्याकडून शेवटच्या दिवशी गेला, मला दोन दिवस आधीपासून माहीत होतं आणि मी बोलले नाही, छातीत धडधडत होतं पण नाही बोलले. फॉर्म गेला. पुढच्या वेळी त्याने स्वतः फोनवर रिमाइंडर लावला. मी बोलले असते तर तो रिमाइंडर कायमची मीच राहिले असते.

ऑफिसची बाजू सोपी नव्हती. संध्याकाळचे फोन बंद व्हावेत असं मी आधीही एकदा म्हटलं होतं तेव्हा "सगळेच करतात" असं उत्तर आलं होतं. या वेळी मी रिपोर्ट घेऊन गेले नाही, तब्येत ही माझी खाजगी बाब आहे, पण ठोस मागितलं की साडेसहा ते साडेआठ मी फोनवर नाही, खरंच अडलं तर कॉल करा, मेसेज नको, आणि त्याबदल्यात सकाळी पहिल्या अर्ध्या तासात सगळ्याची उत्तरं देईन. आधी नाराजी होती. मग दिसलं की "खरंच अडलेले" कॉल फारसे येतच नाहीत. फाइल कुठल्या फोल्डरमध्ये आहे हे लोक स्वतः शोधतात. फ्रान्समध्ये २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर डिजिटली उपलब्ध नसण्याचा हक्क कायद्यात आहे, तिथल्या मोठ्या कंपन्यांना त्यावर कर्मचाऱ्यांशी बोलणी करावी लागतात. सगळीकडे तसं होईल तेव्हा होईल, तोवर प्रत्येकीला एकेकटीने हे मागावं लागतंय हे मला चुकीचं वाटतं. आणि सगळ्यांना ते मागणं परवडतही नाही, रोजंदारीवर, शिफ्टमध्ये, एकट्याने मूल वाढवणाऱ्यांना तर नाहीच. कौटुंबिक जबाबदाऱ्या असलेल्या कामगारांबद्दल आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १५६ क्रमांकाचा करार १९८१ सालचा आहे, स्त्री-पुरुष दोघांसाठी आहे, म्हणजे हा प्रश्न एखाद्या बाईच्या टाइम मॅनेजमेंटचा नाही हे जगाने केव्हाच लिहून ठेवलंय.

बाकीचं थोडक्यात. ऑफिसातून येताना आधी उतरून अर्धा तास चालत घरी, आठवड्याला १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगतात तो यातच होतो, आणि दारात शिरायच्या आत डोकं बरंचसं रिकामं झालेलं असतं. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, हे जमवणं वाटतं तेवढं सोपं नाही कारण बरंचसं मीठ बाहेरच्या तयार पदार्थांतून येतं. झोप किमान ७ तास, त्यासाठी रात्रीची उरलेली कामं सकाळवर ढकलली, काही सरळ करणंच सोडलं. तीनची जाग महिन्याभरात कमी झाली.

तीन महिन्यांनी परत मशीन लावलं, परत कामाच्याच दिवशी. संध्याकाळची सरासरी १३६/८६, जागेपणीची १३१/८३, झोपेतली ११६/६९. रात्रीची उतरण ११ टक्के. डायरीत सातच्या ओळीत लिहिलंय, मोठीशी बोलत होते. गोळी सध्या नाही. माझ्या वडिलांना बीपी होतं, त्यामुळे पुढेमागे लागेलही, आणि लागली तर घेईन, संध्याकाळ वाटून घेतली म्हणून गोळीची गरजच पडत नाही असं कुणाला सांगायला मी बसलेले नाही. ऑफिसातल्या त्या दोघांपैकी एकाला लगेच सुरू करावी लागली.

मध्ये आई आजारी पडल्या तेव्हा घरच्या मशीनवर परत आकडे चढले होते, तेव्हा कळलं की ही बसवून टाकलेली गोष्ट नाही. घरी मोजायची पद्धत डॉक्टरांनी शिकवलीय ती सांगते. ५ मिनिटं शांत बसायचं, पाय जमिनीला टेकलेले, पाठ टेकलेली, हात टेबलावर हृदयाच्या उंचीला, बोलायचं नाही, एक मिनिट सोडून दोनदा मोजायचं, सकाळी आणि संध्याकाळी, आठवडाभर, आणि पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीची सरासरी. घरच्या मोजणीत १३५/८५ च्या वर सरासरी आली तर डॉक्टरांना दाखवायचं. १८०/१२० च्या वर आणि सोबत छातीत दुखणं, बोलताना अडखळणं, एका बाजूची ताकद जाणं असं काही असेल तर थांबायचंच नाही, थेट इमर्जन्सी. आणि दवाखान्यात बीपी बरं येत असेल पण संध्याकाळी डोकं जड, झोप मोडलेली असेल तर डॉक्टरांना २४ तासांच्या टेस्टबद्दल स्वतःहून विचारा, दिवस सांगताना ऑफिस सुटल्यानंतरचाही सांगा.

माझी पुढची टेस्ट मुलांच्या परीक्षांच्या आठवड्यात लावायची ठरलीय, डॉक्टर म्हणाल्या सगळ्यात ओढाताणीचा आठवडा निवडा, तेव्हाच खरं कळेल. या वेळी नवऱ्यालाही मशीन लावणार आहेत, त्याच दिवशी. तक्ता त्याचा त्यानेच भरायचा असं ठरलंय.